गावातून जाणाऱ्या पाण्यालाही कार्ड हवे

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कधी गेलात तर तिथे एक रंगीत कार्ड मागून पाहा. आपल्या राज्यात पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा स्वच्छता पाहणी होते. एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळ्यानंतर. विहिरीभोवती गटार तुंबले आहे का, पाण्याची टाकी वेळेवर धुतली का, जलवाहिनीला गळती आहे का, टीसीएल पावडरचा साठा पुरेसा आहे का, जलसुरक्षक रोज क्लोरीन तपासतो का, अशा साध्या प्रश्नांवर जोखीम ठरते. जोखीम मोठी असेल तर गावाला लाल कार्ड, मध्यम असेल तर पिवळे, कमी असेल तर हिरवे. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकवले आणि त्या काळात साथ आली नाही, तर चंदेरी कार्ड.

सरकारी दवाखान्यातल्या नोकरीत अनेक योजना आल्या आणि गेल्या. ही पद्धत मला त्यातल्या त्यात शहाणपणाची वाटते. कारण तिला प्रयोगशाळेची भाषा लागत नाही. लाल म्हणजे काय, हे शाळेतल्या पोरालाही कळते. लाल कार्ड मिळालेल्या गावाचा सरपंच अस्वस्थ होतो, ग्रामसभेत प्रश्न विचारले जातात आणि महिनोन् महिने रखडलेली गळती आठवड्यात काढली जाते.

पण या पद्धतीत एक उणीव आहे. ती गावात येणाऱ्या पाण्याची विचारपूस करते. गावातून बाहेर जाणाऱ्या पाण्याबद्दल ती फारसे विचारत नाही. आपल्या गावचे सांडपाणी ज्या ओढ्याला मिळते, तो ओढा पुढे कोणाच्या तरी जॅकवेलपाशी जातो. तिथे ते पाणी पुन्हा ‘पिण्याच्या पाण्याचा स्रोत’ होते. वरच्या गावाला हिरवे कार्ड आणि त्याच गावाच्या पाण्यामुळे खालच्या गावाला लाल, असे घडू शकते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की गावातून जाणाऱ्या पाण्यालाही कार्ड द्या.

कुंभीपासून नृसिंहवाडीपर्यंत

हे मी गगनबावड्यातून लिहितो आहे, त्यालाही कारण आहे. कोल्हापूर जिल्ह्यातला हा सर्वाधिक पावसाचा तालुका. लोकसंख्येने लहान, २०११ च्या जनगणनेत सुमारे ३६ हजार. आमच्याकडे ना मोठे कारखाने, ना मोठे शहर. प्रदूषण म्हटले की आम्ही पूर्वेकडे बोट दाखवतो. कोल्हापूरचे नाले, इचलकरंजीचे रंगीत पाणी, खालच्या अंगाची मळी. नदी आमच्याकडे स्वच्छच आहे, असा आमचा समज आहे, आणि पावसाळ्यात कुंभी दुथडी भरून वाहताना तो खराही वाटतो.

कुंभी आमच्याच डोंगरात उगम पावते. लखमापूरच्या धरणात तिचे पाणी अडते आणि तिथून ती पूर्वेला जाते. भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी यांचे पाणी एकत्र येऊन प्रयाग चिखलीला पंचगंगा होते; पाचवी सरस्वती गुप्त मानतात. पुढे कोल्हापूर, मग इचलकरंजी आणि शेवटी नृसिंहवाडीला कृष्णेत संगम. या वाटेवर नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांना फळ्या बसतात आणि वाहती नदी एकामागून एक तळ्यांची माळ होते. त्याच तळ्यांमधून गावोगावच्या नळपाणी योजना पाणी उचलतात आणि त्याच तळ्यांत आजूबाजूचे ओढेही रिकामे होतात.

या नदीची आज काय स्थिती आहे, ते वाचकांना सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातील नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यात सर्वाधिक, म्हणजे ५५, महाराष्ट्रातले होते. कोल्हापूर शहराने कसबा बावडा येथे रोज ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळी येथे १७ दशलक्ष लिटर क्षमतेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारली. त्याच काळात शहराने पिण्यासाठी काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन टाकली आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आले. इचलकरंजीने वारणेकडे पाहिले तर दानोळीकर उभे राहिले. दूधगंगेकडे पाहिले तर सुळकूडच्या योजनेवरून कागल भाग उभा राहिला. दारातून नदी वाहते आणि पिण्याच्या पाण्यासाठी दुसऱ्यांच्या नदीवर जावे लागते. दोन्ही बाजूंच्या लोकांची बाजू मला समजते. पण भांडणाचे मूळ पाण्याच्या टंचाईत कमी आणि सांडपाण्यात जास्त आहे.

शहरे पाइप घेऊन वर वर सरकत राहिली, तर एक दिवस ती आमच्या दारात येतील. तेव्हा त्यांना आम्ही कसले पाणी देणार आहोत?

क्लोरीनवर किती भार टाकायचा?

डॉक्टर म्हणून मला बीओडीपेक्षा कावीळ जास्त भिडते. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीत हेपटायटिस ई या विषाणूचा वाटा आपल्याकडे मोठा आहे. रुग्णाच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. बहुतेक तरुण माणसे काही आठवड्यांत बरी होतात. गरोदर स्त्रीची गोष्ट वेगळी. शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला, तर शंभरातल्या वीस ते पंचवीस जणींचा जीव जाऊ शकतो. त्यावर नेमके औषध नाही आणि लस आपल्याकडे सर्वसामान्यांना उपलब्ध नाही. म्हणूनच जाता जाता सांगतो की गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, तर गावठी औषध, माळ किंवा पथ्यात एक दिवसही घालवू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा.

या विषाणूची ओळख जगाला ज्या साथींमधून पटत गेली, त्यातली एक मोठी साथ आपल्याच देशातली. १९५५ सालच्या पावसाळ्यानंतर दिल्लीत यमुनेने पात्र बदलले. नजफगड नाल्याचे मैलापाणी उलटे फिरून वजिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी आले. तिथल्या अभियंत्यांना ते कळले. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवले. टायफॉइड आणि हगवण वाढली नाही. म्हणजे जिवाणू मारले गेले होते. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. पण डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत सुमारे २९ हजार ३०० जणांना कावीळ झाली. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने अनेक वर्षांनी तपासले, तेव्हा हा ‘ए’ किंवा ‘बी’ नव्हे, वेगळाच विषाणू असल्याचे दिसले. तोच पुढे ‘ई’ म्हणून ओळखला गेला.

या घटनेतून मी दोन गोष्टी शिकलो. पहिली, नदीच्या पाण्यात मैला एका मर्यादेपलीकडे मिसळला की शेवटच्या टोकाला कितीही क्लोरीन ओतले तरी भरवसा राहत नाही. गढूळ पाण्यात, मैल्याच्या कणांच्या आड विषाणू लपतात, आणि क्लोरीन आधी त्या घाणीवरच खर्ची पडते. दुसरी, पाणी बिघडले त्या दिवशी कोणी आजारी पडले नाही. या काविळीला शरीरात मुरायला दोन ते आठ आठवडे लागतात, सरासरी पाच-सहा. रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असते. आम्ही नमुना घेतो, तो बऱ्याचदा ‘पिण्यायोग्य’ येतो आणि लोक म्हणतात, डॉक्टर, पाणी तर चांगले आहे, मग ही साथ कुठून आली?

आपल्या जिल्ह्यालाही हे नवीन नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापूर शहरात पाण्यातून काविळीची साथ पसरली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी तिचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीने हजारो लोकांना गाठले आणि त्यात माणसे दगावली. दोन साथींमध्ये तीस वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात औषधे बदलली, दवाखाने बदलले, तपासण्या बदलल्या. नदीत जाणाऱ्या मैल्याचा प्रश्न मात्र सुटला नाही.

‘आमचे एवढेसे पाणी’

यावर आमच्याकडचे लोक जे म्हणतात, ते मला पाठ झाले आहे. ‘डॉक्टर, शहराच्या नाल्यांपुढे आमचे पाणी ते केवढे? आणि नदी वाहती आहे, आपोआप शुद्ध होते.’

दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे. वाहते पाणी हवेतून प्राणवायू घेते, ऊन जंतू मारते, नदीतले जिवाणू घाण खाऊन टाकतात. पण या ताकदीला मर्यादा आहे आणि ती मर्यादा गणिताने दाखवता येते.

तीन हजार वस्तीचे गाव धरू. जलजीवन मिशनप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात येते. त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते, म्हणजे माणशी ४४ लिटर. गावाचे झाले रोज १ लाख ३२ हजार लिटर. कच्च्या मैलापाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू सहज दहा लाखांच्या घरात असतात. आंघोळीच्या नदीसाठी केंद्रीय मंडळाने घातलेली कमाल मर्यादा १०० मिलिलिटरला २,५०० आहे, आणि अपेक्षा तर ५०० ची आहे. नुसते पाणी मिसळून दहा लाखांचे अडीच हजारांवर आणायचे, तर चारशे पट स्वच्छ पाणी लागेल. म्हणजे रोज सव्वापाच कोटी लिटरहून जास्त. सेकंदाला सुमारे ६०० लिटर. जुलैत आमच्या कोणत्याही ओढ्यात एवढे पाणी असते. एप्रिलमध्ये त्याच ओढ्यात बादली बुडत नाही.

हे सगळे एका गावाचे, आणि तेही आंघोळीपुरते. पिण्याचा हिशेब आणखी कडक. शिवाय पूर्वी बाई दोन हंडे डोक्यावर आणायची, तेव्हा सांडपाणीही दोन हंड्यांचेच असायचे. आता घरोघरी नळ आले, घरोघरी संडास बांधले. दोन्ही गोष्टी आरोग्यासाठी उत्तमच झाल्या. बाळंतिणीला पाणी भरायला जावे लागत नाही, हे मी रोज पाहतो. पण नळ देणाऱ्या योजनेने पाणी जिथे संपते तिथे जाऊन पाहिले नाही. संडासाच्या टाकीतून निथळणारे पाणी उघड्या गटारात आणि गटार ओढ्यात. सेप्टिक टाकी गाळ खाली बसवते, जंतू मारत नाही. तिचे निथळलेले पाणी दिसायला मैल्यापेक्षा पातळ असते, एवढाच फरक.

केंद्र म्हणजे इमारत नव्हे

मग प्रत्येक गावात प्रक्रिया केंद्र बांधा, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणणार नाही, निदान इतक्या घाईने नाही.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रात होते तरी काय? आधी जाळीत कपडे, प्लास्टिक अडते. मग वाळू खाली बसते. त्यानंतर मुख्य टाकीत पाण्यात हवा सोडतात. त्या हवेवर कोट्यवधी जिवाणू वाढतात आणि घाण खातात. पुढच्या टाकीत तो जिवाणूंचा गाळ खाली बसतो, वरचे निवळ पाणी निर्जंतुक करून सोडतात. गाळातला काही भाग पुन्हा पहिल्या टाकीत, उरलेला बाहेर. ही पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. शंभर वर्षांनंतरही मूळ तत्त्व तेच आहे.

म्हणजे केंद्र हा गोठा आहे. आत जिवंत प्राणी आहेत. त्यांना रोज हवा, रोज खाद्य आणि रोज देखभाल लागते. वीज गेली, ब्लोअर बंद पडला, तर काही तासांत जिवाणू गुदमरायला लागतात. गाळ काढला नाही तर तोच पाण्याबरोबर नदीत जातो. गोठा बांधून उद्घाटन केले आणि वैरण घातली नाही, तर म्हैस दूध कुठून देईल?

देशाचे आकडे हेच सांगतात. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील शहरांतून रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी निघते. बसवलेली प्रक्रिया क्षमता सुमारे ३१ हजार ८०० दशलक्ष लिटर. प्रत्यक्षात प्रक्रिया होते सुमारे २० हजार २०० वर. जी यंत्रे पैसे खर्चून उभी केली, त्यांचीही एक तृतीयांशाहून जास्त क्षमता रोज वाया जाते. दवाखान्यात व्हेंटिलेटर आणला आणि तो चालवायला माणूस नेमला नाही, तर काय होते हे कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी पाहिले. सांडपाण्याच्या बाबतीत तो अनुभव आपण पुन्हा विकत घेऊ नये.

लहान गावाला मोठ्या शहराचे यंत्र लहान करून दिले, तर ते हमखास बंद पडते. वीजबिल ग्रामपंचायतीला झेपत नाही, चालक दोन महिन्यांत सोडून जातो, सुटा भाग पुण्याहून यायला महिना लागतो. म्हणून लहान ठिकाणी कमी विजेवर किंवा विजेशिवाय चालणारी व्यवस्था बरी. आधी गाळ बसवणारी बंद टाकी, मग खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळ किंवा लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पती. मुळांवर वाढणारे जिवाणू तेच काम हळूहळू करतात. नागपूरच्या नीरी संस्थेने अशाच तत्त्वावर ‘फायटोरिड’ ही पद्धत विकसित केली आहे. तिला जागा जास्त लागते, पण ब्लोअर लागत नाही. मात्र गवत कापणे, जाळी साफ करणे, टाकीचा गाळ उपसणे ही कामे तिलाही चुकत नाहीत.

आमच्या पावसाला मानवेल असे

इथे आणखी एक सावधगिरी. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारेच संपवली. ते काम कौतुकाचे आहे आणि राज्यभर त्याचे अनुकरण झाले. पण मराठवाड्याला जे औषध लागू पडले, त्याचा तोच डोस गगनबावड्याला देता येणार नाही.

आमच्याकडे सड्यांवर जांभा आहे. जांभा सच्छिद्र, वर पडलेले पाणी तो झिरपवतो आणि खाली घट्ट खडक लागला की ते पाणी सड्याच्या कडेला झऱ्यातून बाहेर येते. अनेक वाड्या-वस्त्या याच झऱ्यांवर जगतात. वरच्या आळीचा शोषखड्डा आणि खालच्या आळीचा झरा यांच्यात मातीचा पुरेसा गाळणीथर नसेल, तर पाणी ‘जिरले’ म्हणून आपण खूश होतो आणि ते खालच्या हंड्यात उतरते. पावसाळ्यात तर जमीन इतकी भरलेली असते की खड्डा पाणी घेण्याऐवजी बाहेर टाकतो. झऱ्याच्या वरच्या अंगाला शोषखड्डा नको, हा नियम आमच्याकडे अंदाजपत्रकाच्या आधी लिहिला गेला पाहिजे.

दुसरा प्रश्न पावसाच्या पाण्याचा. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आमच्याकडे जुलैत कोणी बातमीही मानत नाही. एवढा पाऊस एका हेक्टरवर, म्हणजे अडीच एकरांतली छपरे आणि रस्ते यांवर पडला, तर दहा लाख लिटर पाणी होते. तीन हजार वस्तीच्या गावाचे रोजचे सांडपाणी १ लाख ३२ हजार लिटर, हे वर पाहिलेच. दोन्ही एकाच गटारात सोडले, तर कोणतेही केंद्र पहिल्या आठवड्यात धुऊन जाईल. पन्हाळीचे पाणी वेगळे, मोरीचे वेगळे, हे झाल्याशिवाय पुढचा खर्च पाण्यातच.

संडासाच्या टाक्यांचे काय करायचे, याचे उदाहरण आपल्या शेजारी आहे. सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपालिकांनी टाकी तुंबण्याची वाट न पाहता, ठरावीक वर्षांनी पाळीपाळीने प्रत्येक घरची टाकी उपसण्याची पद्धत घातली आणि त्या मैल्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे उभारली. २०११ मध्ये वाईची लोकसंख्या सुमारे ३६ हजार होती, म्हणजे आमच्या अख्ख्या तालुक्याएवढी. वाई कृष्णेच्या काठावर आहे आणि आमच्या कुंभीचे पाणीही शेवटी कृष्णेलाच मिळते. तिथे जे जमले, ते इथे तालुक्यासाठी एक केंद्र आणि उपशाची एक-दोन वाहने एवढ्यात जमवता यायला हवे. आज टाकी उपसणारी गाडी भरून कुठे रिकामी होते, हे कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा उत्तर रात्रीच्या अंधारात एखाद्या ओढ्यावर सापडेल.

पैशाचे म्हणाल, तर अगदीच नाहीत असे नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी व्यवस्थापनासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावांना माणशी २८० रुपयांपर्यंत आणि मोठ्या गावांना ६६० रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधून दिला. हा निधी बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या गटारांवर जातो. गटार घाण गावाबाहेर लवकर नेते, तिच्यावर प्रक्रिया करत नाही. आपल्या दारातले डबके खालच्या गावाच्या दारात लवकर पोचवणे म्हणजे स्वच्छता नव्हे.

कार्डावर काय असावे?

आता मूळ मागणीकडे येतो. बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या कार्डासाठी नवे खाते नको, नवी इमारत नको. आज जी पाहणी वर्षातून दोनदा होते, तिच्यातच काही प्रश्न वाढवावेत. गावाचे सांडपाणी कोणकोणत्या ठिकाणी ओढ्याला मिळते, त्याचा साधा नकाशा आहे का? त्याच्या खाली सर्वात जवळचा पाण्याचा स्रोत कोणाचा आणि किती अंतरावर? गेल्या तीन वर्षांत किती टाक्या उपसल्या आणि मैला कुठे गेला? पावसाचे पाणी वेगळे काढले आहे का? प्रक्रियेची काही सोय असेल, तर ती आजच्या तारखेला चालू आहे का आणि नोंदवही कोण लिहितो?

याच्या जोडीला वर्षातून दोनदा एक नमुना घ्यावा. एक भर उन्हाळ्यात, एक पाऊस ओसरल्यावर. गावाच्या वर ओढ्यातून एक बाटली आणि गावाच्या खाली एक बाटली. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत कोलिफॉर्म मोजावेत आणि बीओडी. बीओडीचा निकाल २७ अंश तापमानाला तीन दिवसांत मिळतो. फार अवघड काम नाही. दोन बाटल्यांच्या आकड्यांतला फरक म्हणजे त्या गावाने नदीला काय दिले, याची पावती. ती पावती ग्रामसभेत वाचली जावी आणि त्याचे कार्ड खालच्या गावाच्या ग्रामपंचायतीतही लागावे. आपले लाल कार्ड शेजाऱ्याच्या भिंतीवर लागले, की गोष्टी कशा हलतात ते पाहू.

जिथे केंद्र होईल, तिथे बांधणी आणि दहा वर्षांची देखभाल यांची एकच निविदा असावी आणि ठेकेदाराचे पैसे बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तपासणीवर निघावेत. चालक गावातलाच असावा. आयटीआय झालेला मुलगा किंवा मुलगी हे काम शिकू शकते. जलसुरक्षकाला जसे मानधन आहे, तसे त्यांना मिळावे. एक लिटरच्या उभ्या नळकांड्यात टाकीतले पाणी भरून अर्ध्या तासात गाळ किती बसला, एवढे रोज पाहिले तरी केंद्राची नाडी कळते. आम्ही रुग्णाचा ताप दिवसातून चार वेळा लिहितो. या टाकीचा एकदा लिहिला तरी चालेल.

आरोग्य खात्याकडूनही माझी अपेक्षा आहे आणि त्यात मी स्वतः आलो. काविळीचा रुग्ण आला की आम्ही त्याचे गाव लिहितो. त्यापुढे जाऊन सहा आठवड्यांपूर्वी तो कुठले पाणी पीत होता, हे विचारून लिहिले पाहिजे, आणि ती यादी नदीच्या नकाशावर मांडली पाहिजे. तसेच दवाखान्यांतूनही सांडपाणी निघते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी त्यावर प्रक्रिया करणे बंधनकारक आहे. बाहेर जाणाऱ्या पाण्याचे पहिले कार्ड सरकारी दवाखान्यांच्याच दारावर लावावे. दुसऱ्याला पथ्य सांगणाऱ्याने आधी स्वतः पाळावे.

या सगळ्याने पंचगंगा उद्या स्वच्छ होईल, असे मी म्हणणार नाही. खालच्या शहरांचा भार आमच्यापेक्षा कितीतरी पट मोठा आहे आणि त्यांची जबाबदारी त्यांच्याकडेच राहील. पण आज आम्ही त्यांच्याकडे बोट दाखवतो, ते गावोगावच्या गटारांकडे बोट दाखवतात, आणि मोजमाप कोणाकडेच नसल्याने दोघांचेही खरे ठरते. वर आणि खाली अशा दोन बाटल्या भरल्या की हे बोट दाखवणे थांबेल. आमचा ओढा स्वच्छ निघाला, तर तो आकडा घेऊन आम्हाला कोल्हापुरात जाऊन ताठ मानेने बोलता येईल. नाही निघाला, तर कामाला कुठून लागायचे ते कळेल.

सुरुवातीला कोणी आदेश काढण्याचीही वाट पाहायला नको. पावसाळा ओसरला की होणाऱ्या पाहणीच्या वेळी आपल्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारा: आपल्या गावचे पाणी पुढे कोण पिते? त्या गावाचे नाव इतिवृत्तात लिहून घ्या. तेवढ्यानेही सुरुवात होईल.